देवास ते कुक्षी: फोर्कमध्ये दोन बोटं जास्त तेल

बाबांना बसमध्ये उलट्या होतात. कारमध्येही होतात, फक्त थोड्या उशिरा. मोटरसायकलवर मात्र ते मागे बसून दोनशे किलोमीटर जाऊ शकतात, आणि त्यातले दीडशे किलोमीटर मला गाडी कशी चालवायची ते सांगू शकतात. त्यामुळे कुक्षीहून रामेश्वरकाकांचा फोन आला, की सोमवारी मुलगा त्यांना कायमचं सुरतला नेतोय, तेव्हा जायचं कसं हा प्रश्नच आला नाही. बाबा आणि रामेश्वरकाका देवासच्या एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं एका लेथशेजारी उभे होते. बाबा फिटर, सांगलीकडून नोकरीसाठी आलेले. काका निमाडातले पाटीदार. निवृत्तीनंतर भेट झालेली नव्हती.

अडचण गाडीची होती. माझी गाडी दीडशे सीसीची, सात वर्षं जुनी. मी एकटी असताना ठीक चालते. बाबा मागे बसले, की ब्रेक लावताच पुढचं तोंड खाली बसतं, बाबा माझ्या पाठीवर येऊन आदळतात आणि दोन हेल्मेटं एकमेकांवर वाजतात. त्यांच्या कमरेला एकाहत्तराव्या वर्षी हे झेपत नाही. म्हणून ठरवलं, पुढच्या फोर्कचे, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांतले, स्प्रिंग बदलायचे. थोडे कडक स्प्रिंग आणि थोडं दाट तेल. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते: स्प्रिंग वजन पेलतात, तेल त्यांची उसळी आवरतं, आणि नळीत तेलाच्या वर किती मोकळी जागा ठेवायची हे मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं. माझ्या स्प्रिंगच्या डब्यातल्या कागदावर एकशे चाळीस लिहिलं होतं. मी कारखान्यात क्वालिटी तपासणीला आहे. एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीस.

इंदूरच्या मेकॅनिकने "दो घंटे का काम है" म्हणून तीन दिवस लावले. पहिल्या दिवशी तेल अडवणारी सील आली नाहीत, दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले आणि स्टूल ओढून समोरच बसले. मी कागद मेकॅनिकच्या हातात दिला, एकशे चाळीसवर पेनाने गोल केला, आणि बाबांची गोळ्यांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. वीस मिनिटं लागली. परत आले तेव्हा नळ्यांच्या टोप्या लागलेल्या होत्या.

"मोजलं का?" मी विचारलं.

"मॅडम, एकदम परफेक्ट," मेकॅनिक म्हणाला. बाबा रस्त्याकडे बघत होते.

शुक्रवारी सकाळी सातला निघालो. जानेवारीत माळव्यात सकाळी बोटं गारठतात, हातमोजे घ्याच. देवासहून इंदूरचा बायपास सरळ आणि कंटाळवाणा आहे. गुळगुळीत रस्त्यावर गाडी छान वाटली. टोलनाक्याजवळ मुद्दाम जोरात ब्रेक लावून पाहिला. तोंड खाली बसलं नाही, बाबा आदळले नाहीत. मी मनातल्या मनात खूश झाले. बेटम्याला पोहे-जिलबी खाल्ली. बाबांनी पोह्यावर शेव जास्त मागितली, मग शेव जास्त झाली म्हणून माझ्या ताटात ढकलली.

बेटम्यानंतर एका पुलाच्या सांध्यावरून गेलो आणि हँडलमधून असा धक्का आला, की दात वाजले. दुसऱ्या सांध्यावर पुन्हा तसंच. छोटे खड्डे गाडी गिळत होती, मोठा आला की पुढचं चाक पहारीवर बसवल्यासारखं ताठ.

"कडक आहे," मी म्हणाले.

"नवीन आहे. बसेल हळूहळू," बाबा मागून म्हणाले. "तू गियर लवकर टाकतेस."

धारला दुपारी पोचलो. माझी इच्छा मांडूला जायची होती, पस्तीस किलोमीटर तर आहे. बाबा म्हणाले, "दगड काय बघायचे? कंबर दुखतेय." त्यामुळे धारमध्ये लॉजवर राहिलो. बस स्टँडजवळचे लॉज घेऊ नका, पहाटेपासून हॉर्न वाजतात. किल्ल्याच्या बाजूला शांत मिळतात. संध्याकाळी किल्ल्यावर मी एकटी चढले. वरून शहर आणि दोन-तीन तळी दिसतात, हवा स्वच्छ असेल तर बराच वेळ बसावंसं वाटतं. मी दहा मिनिटं बसले. मग बाबांचा फोन आला, की खोलीतला गिझर चालू होत नाही. गिझरचं बटण दाराबाहेर होतं.

शनिवारी तिरला ओलांडून टांड्याच्या दिशेने निघालो. इथून प्रदेश बदलतो. माळव्याची सपाट काळी जमीन संपते, डोंगर सुरू होतात, ताडाची झाडं दिसू लागतात, आणि रस्ता वळणं घेत निमाडाकडे उतरतो. सुंदर रस्ता आहे, पण डांबराचे तुकडे अधूनमधून गायब असतात आणि वळणावर खडी पसरलेली असते. पेट्रोल धारलाच भरून घ्या. मला आजूबाजूला बघायला फारसं मिळालं नाही, कारण मी फक्त खड्डे बघत होते. आणि बाबा बोलत होते. क्लच असा दाबू नकोस. ट्रकच्या मागे राहू नकोस. ट्रकच्या पुढे जाऊ नकोस.

बाग गावाच्या अलीकडच्या उतारावर डाव्या वळणात रस्ताभर आडवा, लांबट खड्डा आला. वेग चाळीसही नव्हता. चाक खड्ड्यात गेलं, फोर्क दबायला हवा होता, दबलाच नाही. पुढचं चाक उचलून उजवीकडे टाकल्यासारखं सरकलं आणि खडीवर गेलं. समोरून पिकअप येत होती. मी हँडल सोडून दिल्यासारखं सैल धरलं, मागचा ब्रेक लावला, आणि गाडी रस्त्याच्या त्या बाजूच्या मातीत, बाभळीपासून चार हातांवर थांबली. पिकअपवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. बोटं इतकी घट्ट रुतली होती, की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. ते काही बोलले नाहीत. त्या अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा.

मी त्यांना उतरवलं, गाडी स्टँडवर घेतली आणि खाली वाकले. उजव्या फोर्कच्या सीलखाली तेलाचा ओघळ होता. सुदैव एवढंच, की माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची डिस्क डाव्या बाजूला आहे. तेल तिच्यावर गेलं असतं तर पुढचा ब्रेक लागलाच नसता.

"बाबा, नळीत तेल जास्त आहे. वर हवेला जागाच उरली नाही, म्हणून तो दबत नाही. त्या माणसाने मोजलं नाही."

बाबा मैलाच्या दगडावर बसले होते. बुटाच्या टोकाने माती उकरत होते.

"मोजलं होतं त्याने," ते म्हणाले. "मीच सांगितलं, दोन बोटं जास्त टाक म्हणून. म्हटलं, दोघं बसणार आहोत, वजन आहे. तेल जास्त तर बरंच."

"मी एकशे चाळीसवर गोल केला होता."

"पाहिला होता मी."

"मग?"

"मग काय. मी चाळीस वर्षं फिटर होतो."

मला तिथे ओरडायचं होतं. ओरडलेही असते, पण हेल्मेटही न काढता ते त्या दगडावर अंग चोरून बसले होते. मी पाण्याची बाटली दिली. मग मी म्हणाले, "बाबा, गाडी माझी आहे. चालवतेय मी. पडलो असतो तर दोघं पडलो असतो." त्यांनी मान हलवली की नाही, हेल्मेटमुळे कळलं नाही.

उरलेला रस्ता वीस-पंचवीसच्या वेगाने गेलो. बागला नदीकाठी छापलेली कापडं वाळत घातलेली असतात, काळी, लाल, लांबच लांब. मला तिथे थांबून एक साडी घ्यायची होती. थांबलो नाही. तिथली जुनी लेणीही राहिली. दोन्ही बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा, माझ्यासारखं करू नका.

कुक्षीला रामेश्वरकाकांच्या अंगणात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अर्धं घर खोक्यांत बांधलेलं होतं. काका काठी घेऊन दारापर्यंत आले. बाबांनी हेल्मेट काढलं.

"भिया, तुम तो बूढ़े हो गए," काका म्हणाले.

"तू कुठे जवान राहिलास?" बाबा मराठीतच म्हणाले. सव्वीस वर्षं त्यांचं असंच चाललं असणार, हा हिंदीत, तो मराठीत.

काकूंनी दाल-पानिये वाढले. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात; या बाजूला आलात तर हॉटेलात नाही, कुणाच्या घरी खायला मिळतात का बघा. जेवताना काकांनी विचारलं, रस्त्यात त्रास तर नाही झाला? मी दाल वाढून घेतली. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, दोन बोटांसकट.

काका हसले नाहीत. मला म्हणाले, "बेटा, खोल सकती हो?"

"नट खोलायचे पाने आहेत माझ्याकडे. तेल काढायला सिरिंज लागेल."

मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली विटा लावल्या, पुढचं चाक अधांतरी केलं. टोप्या काढल्या, स्प्रिंग बाहेर घेतले. आता मोजण्यासाठी फोर्क पूर्ण दाबलेला हवा, म्हणजे चाक खालून वर उचलून धरायला माणसं हवीत. बाबा एका बाजूला बसले, काका काठी टाकून दुसऱ्या बाजूला पायरीवर टेकले, आणि दोघांनी मिळून चाक वर धरलं.

मी स्टीलची पट्टी नळीत सोडली. "एकशे दोन."

काका बाबांकडे बघून म्हणाले, "शिंदे भिया, तुम्हारी उंगलियाँ मोटी हैं."

"बोलू नकोस, चाक धर," बाबा म्हणाले.

मी थोडं थोडं तेल ओढत गेले. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता म्हणतील, बस झालं, एवढं पुरे. दर वेळी पट्टी वर आली की ते फक्त विचारत, "किती?" एकशे पंधरा. "किती?" एकशे एकतीस. एकशे चाळीसला मी थांबले, आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत त्यांनी चाक सोडलं नाही. दुसऱ्या नळीलाही तसंच. दोन्हींतून मिळून चहाचा एक कप भरेल एवढं तेल निघालं नाही. तेवढ्यासाठी आम्ही बाभळीत जाणार होतो.

सील बदलायला नवं नव्हतं. काकांनी त्यांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढून दिला. त्याची पट्टी कापून सीलच्या ओठाखालून गोल फिरवली, अडकलेली माती निघाली, पुसून घेतलं. गळती थांबली. हा तात्पुरता उपाय आहे. घरी आल्यावर नवं सील टाकाच.

संध्याकाळभर दोघे अंगणात बसले होते. मी पाने पुसत होते. ते कारखान्याबद्दल फारसं बोललेच नाहीत. सुरतच्या फ्लॅटला लिफ्ट आहे का, बाल्कनीतून काय दिसतं, असलंच बोलत होते. रविवारी निघताना काकांनी बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला. "आना सूरत," म्हणाले. कारमध्ये उलट्या होणाऱ्या माणसाला सुरत किती लांब आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच रस्त्याने परत आलो. तोच उतार, तोच खड्डा, आता चढाच्या बाजूने. चाक आत गेलं, फोर्क दबला, वर आला, आम्ही पुढे गेलो. धारच्या पुढे बाबा म्हणाले, "आता बरं आहे." गियरबद्दल तरीही दोनदा बोलले. रात्री नऊच्या आत देवासला घरी होतो.

तर, स्प्रिंग बदलावेत का? बदला. पण मोजणाऱ्याच्या समोर स्वतः उभे राहा, आणि घरातल्या तज्ज्ञांना मेडिकलमध्ये पाठवा. माझं मांडू राहिलं, लेणी राहिली, साडी राहिली, आणि बाबांवरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

परवा शेजारचे जोशी त्यांची गाडी घेऊन फाटकाशी आले. पुढून फार खाली बसते म्हणत होते. बाबांनी आत हाक मारली, "मृणाल, बाहेर ये जरा. हे तू सांग." मी बाहेर जाऊन सांगायला लागले. दोन वाक्यं झाली नसतील, तोच बाबा मधे बोलू लागले. मी गप्प उभी राहिले. त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले, फाटकाला टेकले आणि म्हणाले, "बोल."

मी बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.