कांजूरच्या घरात आईच्या चपला

आधीच सांगते, कुणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. आमच्या घरात भूतखेत, उतारा, करणी असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडील म्हणायचे, "समजलं नाही तर विचार, भिऊ नकोस." ते आणि परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई — या दोघांमुळे मी घरातली पहिली पदवीधर झाले. त्यामुळे हे लिहिताना त्यांच्यापुढे थोडी लाजच वाटते. पण झालं ते झालं.

वडील गेल्यावर आईला मी मुंबईला आणलं. माझं ऑफिस पवईला, म्हणून भाड्याच्या खोल्या आसपासच. अकरा महिन्यांचा करार संपला की पुढची खोली. शेजारच्या बायकांशी ओळख व्हायची आणि लगेच सामान बांधायची वेळ यायची. शेवटी आईने ओळखी करणंच सोडलं. दिवसभर एकटी बसायची. एकदा म्हणाली, "सुजा, या गावात कुणी 'बस की जरा, जाऊ नको' असं म्हणतच नाही गं." तेव्हाच ठरवलं, आता स्वतःचं घर. लहान असो, पण आईचं.

शोध सुरू केला. मुलुंड, भांडुप, घाटकोपर... रविवार संपायचे, घर जमायचं नाही. मग परेशभाई नावाच्या एजंटने कांजूरमार्ग पूर्वेला एक वन बीएचके दाखवला. चार मजली जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, घर काही वर्षं बंद.

"इतकं स्वस्त कसं?" मी विचारलं.

"कचऱ्याच्या डम्पिंगचा वास, मॅडम. वारा फिरला की येतो. खिडकी लावायची, संपला विषय."

दुपारची वेळ होती, लख्ख ऊन. दाराबाहेर आईने सवयीने चपला काढल्या.

"ओ मावशी, राहू द्या ना! धूळ किती आहे बघा. तुमचेच पाय खराब होतील."

"असू दे बाबा. दुसऱ्याच्या घरात चपला घालून कसं जायचं?"

मग मीही सँडल काढले. परेशभाई बुटांसकट आत. वाऱ्याने दार आपटत होतं, म्हणून त्याने आतून कडी घातली. आम्ही हॉल, किचन, बेडरूम, वरचा माळा, सगळं बघितलं. आईला किचनची खिडकी फार आवडली. बाहेर शेवग्याचं झाड होतं.

निघताना दार उघडलं, तर माझे सँडल होते. आईच्या चपला नव्हत्या.

"कमाल आहे यार! नवे सँडल सोडून मावशीच्या झिजलेल्या चपला नेल्या? चोर पण येडाच दिसतो."

समोरच्या दारात एक काकू बसल्या होत्या, मालवणकडच्या. ऐकून म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगीत चोरी नाय हां होत. मी दारातच तांदूळ निवडीत होतंय. कोण्णीच येवक नाय."

मी छत्री आत विसरले होते. ती आणायला बेडरूममध्ये गेले आणि सहज वर बघितलं. माळ्याच्या कडेला आईच्या चपला. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. मी हाक मारली तशी दोघं आत आले, आणि परेशभाईने कुठून तरी स्टूल आणून त्या काढल्या. मग मीही चढून बघितलं. माळ्यावर बोटभर धूळ, आणि त्या धुळीवर चपलांच्या जागेशिवाय कसलाही ठसा नाही.

मी दोन पावलं मागे सरले. आई मात्र हसायला लागली.

"अगं, आम्ही लहानपणी हेच करायचो! मावशी जायला निघाली की तिच्या चपला लपवायच्या. सापडल्या नाहीत की बिचारी राहायची आणखी एक दिवस." मग रिकाम्या खोलीकडे वळून, लेकराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "येईन हं मी परत. राहायलाच येईन."

मी आईला ओढतच बाहेर आणलं. काकूंना बाजूला घेऊन विचारलं, या घरात कधी काही...? त्या म्हणाल्या, कुणी मेलं-गेलं नाही, काही वाईट झालं नाही. बरीच माणसं बघून गेली, कुणाची काडी हलली नाही.

मी स्वतःला समजावलं. परेशभाईची मस्करी असेल. पण तो तर सतत आमच्यासोबत होता... तरीही टोकनची रक्कम देऊन घर पक्कं करायचं ठरवलं. आई दोन दिवस त्या खिडकीत तुळस ठेवायची की गवती चहा, हेच बोलत होती. तिला इतकं खुश बघून मला 'नाही' म्हणवेना.

टोकनच्या दिवशी मालकाचा भाऊ त्याच घरी येणार होता. मी दारातच आईच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून तिच्या हातात दिल्या. ती हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. मी समोरच उभी होते. एकदाही हलले नाही. टोकन द्यायच्या आधी मी सहज म्हटलं, "आई, पिशवी दे इकडे."

पिशवी हातात आली ती हलकी. गाठ तशीच होती. आत काही नव्हतं.

मी माळ्याकडे बघायला गेले नाही. हिंमतच झाली नाही. आईचा हात धरला आणि जिना उतरायला लागले. ती अनवाणी. वरून परेशभाई ओरडत होता, "मॅडम, चपलेसाठी कोणी घर सोडतं का?"

मला एकच दिसत होतं. मी रोज ऑफिसला जाणार, आणि आई दिवसभर त्या घरात एकटी... एकटी नाही, हीच तर भीती.

रिक्षात आई रडली. "कुणाला तरी मी हवी होते गं," एवढंच म्हणाली.

पुढे आम्ही मुलुंडला त्याहून लहान घर घेतलं. शेजार चांगला आहे, आई जवळच्या बुद्धविहारात जाते, मैत्रिणी झाल्यात. मी ते सगळं विसरत आले होते. गेल्या महिन्यात संध्याकाळी ऑफिसातून आले. दाराशी आईच्या नव्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी जुन्या. डाव्या चपलेचा अंगठा आमच्या गावच्या चांभारकाकांनी निळ्या दोऱ्याने शिवला होता, तो ओळखायला चूक होणार नाही. स्वच्छ पुसलेल्या होत्या. तोंडं घराच्या आत.

परेशभाईला फोन केला. त्याला आमचा नवा पत्ताही माहीत नव्हता. आईला विचारलं, कोण आलं होतं? ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी नाही. पण बघ, दिल्या की नाही परत? उगाच भीत होतीस."

वडील म्हणायचे, समजलं नाही तर विचार. म्हणून तुम्हाला विचारते. चपला परत द्यायला जे कुणी आलं... ते परत गेलं का?