शेवंतामावशी आणि तांदूळ निवडणारं मशीन

ज्या बाईचं काम काढून घ्यायला मला नोकरी मिळाली होती, ती बाई आज सकाळी गेली.

शेवंतामावशी.

तुमसरच्या आमच्या राइस मिलमध्ये तांदूळ निवडायची. दहा-बारा जणी सूप घेऊन ओळीनं बसायच्या, काळे दाणे आणि खडे वेचायच्या.

मग कलर सॉर्टर आलं. कॅमेरा दाणा बघणार, हवा मारून खराब दाणा बाहेर फेकणार. ते चालवायला मी. डिप्लोमा ताजा, कॉन्फिडन्स फुल्ल.

बायकांना शेठजींनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंतच या.

इंजिनिअर मशीन लावून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी निम्मा चांगला तांदूळ रिजेक्टमध्ये!

शेठजी ओरडले. मी मशीनमागे जाऊन रडले.

मावशी आली. खरं तर तिनं मजा बघायला हवी होती.

तिनं रिजेक्टमधला मूठभर तांदूळ तळहातावर पसरला.

"हा खराब नाई पोरी. याच्या पोटात पांढरं हाय, बस. शिजला का चांगलाच लागते. तुई मशीन याले काहून फेकून राहिली?"

मला तर फरक दिसतच नव्हता.

तिनं ताटात तीन ढीग केले. ठेवायचा, फेकायचा, आणि "हा गिऱ्हाईक पाहून".

एकेक ढीग मशीनमधून सोडत मी सेटिंग बदलत गेले. संध्याकाळी रिजेक्टच्या पोत्यात फक्त रिजेक्ट.

शेठजी खूश. मावशीनं तिथंच गाठलं त्यांना.

"मशीनले दिसते शेठजी, पण समजते आमाले. मंग आमाले कायले काढता?"

शेठजींनी महिनाअखेरचा हुकूम तिथंच मागे घेतला.

त्या बायकांमधल्या दोघी आधीच दुसरीकडे कामाला लागल्या होत्या. बाकी सगळ्या राहिल्या. कोणी पॅकिंगला, कोणी तपासणीला.

आणि मावशी मशीनवर!

जेवणाच्या सुट्टीत मी तिला आकडे शिकवायची, ती मला दाणे. आकडे ती पंधरा दिवसांत शिकली. मला दाणे शिकायला वर्ष लागलं.

टच स्क्रीन आली तेव्हा हात लावण्याआधी बोट पदराला पुसायची.

पुढे शेजारच्या मिलनं मशीन घेतलं आणि ट्रेनिंगला तिलाच बोलावलं. नवी साडी नेसून गेली. मी सोबत.

तिथल्या मॅनेजरनं अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमचं ट्रेनिंग कुठं झालं?"

"सुपात."

मशीनच्या आवाजात त्याला ते गावाचं नाव वाटलं. डायरीत लिहिता लिहिता म्हणाला, "जिल्हा फुटला तेव्हा हे भंडाऱ्यातच राहिलं, की गोंदियात गेलं?"

मावशी गंभीर चेहऱ्यानं, "नाई जी, आपल्याच जिल्ह्यात हाय."

बाहेर आल्यावर आम्ही दोघी रस्त्यावर बसून हसलो. खरंच बसून.

आज तिच्या अंगणात मिलमधल्या सगळ्या ऑपरेटर बायका आल्या होत्या. दुसऱ्या मिलमधल्यासुद्धा.

त्यातल्या एकीलाही मी शिकवलेलं नाही.

मावशी, सुखानं जा. जय भीम.