पुराची रेघ बघणारे विमाशेठ

विमाशेठ घरात आले की माणसांआधी भिंतीकडे बघत. पुराच्या पाण्याची रेघ दिसली की तिथंच बसकण मारत. त्यांचं जैन घराणं मूळचं राजस्थानातलं, पण बोली आमच्या डिंगोऱ्याचीच. बाजारातलं पत्रे-सिमेंटचं दुकान मुलाकडे सोपवून ते घराचा विमा विकत गावोगाव हिंडायचे.

"पूर एका दिवसात जातो, त्याची आठवण एका दिवाळीत," असं ते म्हणत. ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, त्या वर्षी अर्ध्या आळीनं विमा काढला. दिवाळीला भिंतींना चुना लागला. पुढची दोन वर्षं ओढा पात्रातच राहिला आणि एकेकानं हप्ता सोडला.

आमच्या आबांनी तर काढलाच नव्हता. त्या पुरात मागची भिंत पडली, ती त्यांनी स्वतः दगड वाहून उभी केली. पुन्हा पडली तर उभी करायचं वय आता उरलं नव्हतं. तरी म्हणायचे, "सरकार पंचनामा करतंच की, शेठ. आन् शेजारी तरी कुठं काढतोय?"

"त्याच्याकडं पाणी शिरल्यावर तुमची भित सुकी ऱ्हाती का, भाऊ?"

"शुभ बोला वो, पावसाळा तोंडावर आलाय," आई आतून ओरडायची.

एकदा शेठनी दाखवायला आणलेला पॉलिसीचा कागद आबांनी माझ्या हातात दिला. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मी. "वाच पोरी. काय मिळत न्हाई, ते आधी सांग."

मी वाचलं. "शेठ, यात नुसतं घर आहे. धान्य, भांडी, टीव्ही, काहीच नाही."

शेठनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. "चुकलं माझं, ताई. समदं भरून मिळंल म्हणून सांगत व्हतो मी लोकांना."

ते तसेच उठले आणि विमा घेतलेल्या प्रत्येक दारात जाऊन चूक सांगून आले. कुणी हसलं, कुणी "आता कळलं व्हय, राव?" म्हणालं. परत आले तेव्हा आबा म्हणाले, "आता आणा कागूद. सामानाचा बी जोडा."

यंदाच्या उन्हाळ्यात शेठ गेले. मी विमा एजंटची परीक्षा दिली, पास झाले. पहिलं दार चुलत्यांचं ठोठावलं.

"एवढं शिकून दारोदार?"

"शिकले म्हणूनच."

त्यांनी दार लोटून घेतलं. मी पायरीवर बसले. पाऊस यायला अजून आठ दिवस होते.