वाणाच्या वाट्या आणि खोबरेल तेल

माझी बायको सांगलीतल्या एका ‘सगळं एकाच भावात’ दुकानात काम करते. चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी आहे. कुणी विचारलं, की म्हणायचो, “मंडळी घरीच असतात.” दुकानाचा लाल टी-शर्ट तिने पिशवीतून न्यावा आणि तिकडे जाऊन घालावा, असंही मीच सांगितलं होतं. धुतलेला टी-शर्ट आमच्याकडे गॅलरीत नव्हे, मोरीतल्या दांडीवर वाळायचा. ती त्यावर कधी बोलली नाही. भांडली असती, तर आज मला जरा कमी लागलं असतं.

दुकान मोठ्या साखळीतलं. साताऱ्यातही शाखा आहे. डबे, वाट्या, कंगवे, पायपुसणी, सगळ्याला ठरलेला भाव. सुरू झालं तेव्हा पेठेतले भांडीवाले म्हणाले, सहा महिन्यांत कुलूप लागेल. लागलं नाही. माझी आई भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवरच उभी राहायची. वरच्या फळीवरची वस्तू काढायला सांगायचा तिला धीर होत नसे. घेतली नाही तर दुकानदार काय म्हणेल? आता आष्ट्याहून एसटीने आलेल्या बाया इथं प्रत्येक वस्तू उलटी करून, वाजवून बघतात आणि खुशाल परत ठेवतात.

संक्रांतीला तर तिथं पाय ठेवायला जागा नसते. हळदीकुंकवाचं वाण सगळ्यांना एकसारखं द्यायचं, म्हणजे चाळीस-पन्नास नग लागतात. पण वाटीच्या बुडाला भावाचं लेबल असतं, आणि वाणावर किंमत दिसणं म्हणजे नाचक्की. बाया नखांनी खरवडायच्या. अर्धं निघायचं, चिकटा राहायचा. माझ्या बायकोने दाराशी एक टेबल मांडलं. त्यावर खोबरेल तेल, कापूस आणि जुनी फडकी. तेल लावून जरा थांबलं, की लेबल अलगद सुटतं. पुढच्या वर्षी कंपनीने सगळ्या शाखांत तसं टेबल ठेवलं. ही बातमी तिने मला जेवताना सांगितली. मी म्हणालो, “कोशिंबीर वाढ.”

यंदा संक्रांत झाल्यावर आमच्या अडत्यांच्या पत्नी, मालकीणबाई, मला म्हणाल्या, “दिवाणजी, वाण आणायचंय. चला, उचलायला कुणीतरी हवं.” गाडी त्या स्वतःच चालवतात. कुठे चाललोय ते मला बायकोच्या दुकानाचं वळण आल्यावर कळलं.

फळीवर बाराच वाट्या होत्या. मालकीणबाईंनी हाक मारली, तशी आतून खोकं घेऊन माझी बायकोच आली. तिने मला पाहिलं, मग मालकीणबाईंना, आणि क्षणात काय ते ओळखलं.

“या सर. किती नग देऊ?”

“चाळीस द्या, मॅडम,” मी म्हणालो.

एकेक वाटी उलटीसुलटी करत तिने तीन बाजूला काढल्या. “यांचा काठ बघा बाई, बोट कापेल. वाण आहे, नीटच द्यावं. लेबलं काढून ठेवते, तासाभराने न्या.”

तोवर हलवा घेऊ म्हणून आम्ही गाडीत बसलो. “काय चोख बाई आहे हो!” मालकीणबाई म्हणाल्या. “कोण असेल?”

मी खिडकीची काच वर केली. मग म्हणालो, “माझी मंडळी.”

त्यांनी गाडी कडेला घेतली. “बायकोला मॅडम म्हणालात?”

“हो.”

“आणि ती तुम्हाला सर!” त्या खूप हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, “तिने सांभाळून घेतलं तुम्हाला. आता परत गेल्यावर मी तिला आमंत्रण देणार. पण ओळख तुम्ही करून द्यायची. मी तर तिला ओळखत नाही.”

परत आलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती, बोटं तेलाने चकचकीत. माझा आवाज भलताच मोठा आला.

“मालकीणबाई, ही माझी बायको. हे टेबल हिच्याच डोक्यातून आलं. साताऱ्याच्या शाखेतसुद्धा ठेवलंय!”

काउंटरवरच्या मुली फिसकन हसल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. मालकीणबाईंनी पर्समधून करंडा काढून तिच्या कपाळाला कुंकू लावलं. “संध्याकाळी यायचं.”

“सातला सुटते. साडी नेसायला घरी जाता नाही यायचं.”

“मग अशीच ये.”

तिने मान डोलावली आणि माझ्याकडे वळली. “सर, अकरा वाट्या राहिल्यात. बसा.”

मी बसलो. पहिलं लेबल फाटलं. “घाई करू नका, तेल मुरू दे,” ती म्हणाली. दुसरं अख्खं निघालं. तेवढ्यात वाण घेऊन आलेली एक म्हातारी माझ्यासमोर थबकली.

“आवं, ह्या दुकानात बाप्ये बी ठेवल्यात व्हय कामाला?”

“न्हाई मावशी,” मी म्हणालो. “मी हिचा नवरा हाय.”