कामठ्याचा मधला खांब

गोंदियाला उतरले तेव्हा स्टेशनबाहेर कडाक्याची थंडी होती आणि राइस मिलमधून येणारा कोंड्याचा वास. रोम आणि अथेन्स पाहून झालेली बाई आता गोंदियाजवळच्या कामठा गावी घर बघायला निघाली, म्हणून पुण्यात सगळ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली होती. पण बोलावणं लताचं होतं. लता माझी कॉलेजातली मैत्रीण. नवरा गेल्यापासून ती गोंदियात भाड्याच्या खोलीत एकटी राहते. तिच्या तीन भावांनी कामठ्याला मोठं घर बांधलं, पण त्यात तिला जागा आहे की नाही, यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. "पोर्चच्या खांबांवरून तिघांचं अडलंय. तू वास्तुकला शिकवतेस, तुझं ऐकतील," ती फोनवर म्हणाली. "माझ्या खोलीचा विषय मात्र काढायचा नाही."

लता स्टेशनवर आली होती. ऑटोवाल्याला पत्ता सांगावाच लागला नाही. "वो खंबेवाला घर? बैठो मॅडम."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) पसरल्या होत्या. जागोजागी पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले. मग एका वळणावर घर दिसलं आणि मी ऑटोतच टाळी वाजवली. पांढरेशुभ्र, उभ्या खाचांचे तीन खांब, वर नक्षीदार पानांचे झुपके! थेट ग्रीकांचे खांब, धानाच्या शेतात! वर स्लॅब अजून पडायचा होता.

त्या पानांकडे बघत बघत मी घरात गेले, चहा घेतला आणि पुन्हा पानं बघायला लगबगीनं बाहेर आले, तोच कपाळ आपटलं मधल्या खांबावर. तो बरोब्बर दारासमोर होता.

"पहिल्या नाही जी तुमी," थोरले टेकचंदभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "धानाचे पोतेही आडवे करून न्यावं लागते."

कपाळ चोळत मी विचारलं, "असे खांब कुठे पाहिलेत?"

"नागपूरले, मोठ्या कचेरीत. साहेबाच्या दारात चालते, त आमच्या दारात काऊन नाही?"

मला हा माणूस फार आवडला. रोमनांनी ग्रीकांचे खांब उचलले, इंग्रजांनी ते आपल्या कचेऱ्यांपुढे उभे केले, ते सगळं याच हिशेबानं. ज्याचा दरारा, त्याचे खांब. कामठ्यात फक्त पानांना लोक फुलकोबी म्हणतात, एवढाच फरक.

दुपारी पंगत बसली. चिन्नोरचा सुवासिक भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मी मुद्द्यावर आले. "खांब तीनच का?"

"आमी तीन भाऊ. जमीन सारखी वाटली, खांबही सारखे," टेकचंदभाऊ म्हणाले.

"मग मधला काढा."

मधल्या भावाचा घास हातातच राहिला. टेकचंदभाऊंनी मान हलवली. "त्याचाच काऊन काढाचा? त्याले घरातून काढल्यावानी होते जी."

तेव्हा मी त्यांना इटलीत पाहिलेलं ग्रीकांचं एक फार जुनं देऊळ सांगितलं. त्याच्या दर्शनी बाजूला नऊ खांब आहेत, म्हणजे तिथेही एक ऐन मध्यावर येतो.

"नऊ भाऊ असतील," धाकटा म्हणाला आणि सगळी पंगत हसली.

"असतील. पण नंतर बहुतेक देवळांत त्यांनी खांब सम ठेवले, मधली वाट मोकळी राहावी म्हणून. तुम्हीही मधला पाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक उभा करा. चार होतील."

"चौथा कोनाचा?" टेकचंदभाऊंनी विचारलं.

लता ताटातल्या भातात बोटानं रेघा ओढत होती. माझ्या जिभेवर तिचं नाव आलं होतं, पण मी शब्द दिला होता. मला स्वतःचा राग आला.

वाढायला आलेली थोरली वहिनी भाताचं पातेलं घेऊन तिथेच थांबली. "कोनाचा म्हंजे? तुमच्या मायले तीनच लेकरं झाले का जी?"

टेकचंदभाऊंनी भात कालवला, पुन्हा कालवला. मग धाकट्याला म्हणाले, "मिस्त्रीले बलाव."

निघताना स्टेशनवर मी खुशीत होते. लता मात्र खुशीत नव्हती. "खांब मिळाला गं," ती म्हणाली, "पण पोर्चात कोण राहतं?"

पुण्याला येऊन मी वर्गात त्या घराचा फोटो अथेन्सच्या फोटोशेजारी लावला. मुलं हसली. मी त्यांना हसू दिलं आणि मग पंगतीतली गोष्ट सांगितली. खांब कुणाच्या दारात उभे राहिले, हे आजवर मी भरपूर शिकवलं होतं. ते कुणासाठी उभे केले, हे विचारायला मला कामठ्याला जावं लागलं.

स्लॅब पडल्यानंतर लताचा फोन आला.

"स्लॅबसाठी आले ती रात्री कामठ्यालाच राहिले गं. सकाळी उठून पाहिलं, तर माझ्या खांबामागच्या खोलीतली धानाची पोती तिघं भाऊ मिळून बाहेर काढून राहिले."