गुरुवारचं गिऱ्हाईक

मॅलकी टूहीच्या पबात शिरलं की एका हाताला दुकान: चहा, साखर, खिळे. दुसऱ्या हाताला बिअर. आजोबांपासूनची ही मांडणी. आणि दाराशेजारी फळ्या ठोकून केलेली, बाहेरून वेगळं दार असलेली आडोशाची खोली. बाईमाणसाला किंवा पाद्रीबाबाला गावाच्या नजरेआड घोटभर घ्यायची असली, तर तिथे बसायचं. बारकडे उघडणाऱ्या छोट्या झरोक्यावर आतून टकटक झाली की मालकाने ग्लास सरकवायचा. बापाने मॅलकीला बजावलं होतं, "हात बघ, तोंड बघू नकोस. ज्या दिवशी डोकावशील, त्या दिवशी धंदा बसला म्हणून समज."

मॅलकीने ते पाळलं. पण गुरुवारचं एक गिऱ्हाईक काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. राखाडी हातमोजा, अर्धा ग्लास काळी बिअर, तोंडातून चकार शब्द नाही. कितीतरी वर्षं! कोण असेल बरं? पोस्टातली मिस क्विर्क? डॉक्टरांची बहीण?

मॅलकी म्हणजे बोलघेवडा नंबर एक. गोष्टीला तिखटमीठ लावावं तर त्यानंच. एका गुरुवारी राखाडी हातमोज्याकडे ग्लास सरकवून तो बारवर मामाच्या घोड्याची गोष्ट रंगवत होता. ऐन लग्नात घोडा थेट चर्चमध्ये शिरला, आणि नेमकं तेव्हाच फिन्टन सुताराने मधे तोंड घातलं.

"लेका, सोमवारी या फळ्या काढायला येतोय मी. बायका हल्ली उजळ माथ्याने बसतात, कुणाला हवाय आडोसा? आज शेवटचा गुरुवार. डोकाव की एकदा!"

"गप रे! बापाला शब्द दिलाय."

"बाप गेला स्वर्गात. तो काय बघायला येतोय?"

मॅलकीचे पाय दोनदा झरोक्याकडे वळले. देवाशपथ, वळले! पण तो डोकावला नाही. या सगळ्यात गोष्ट मात्र अर्धवट राहिली.

शुक्रवारी दुपारी घरी तो खाली मान घालून बटाटे खात होता. घरी हा माणूस मुका! दिवसभर बोलून दमतो, म्हणे. काय म्हणावं याला? बायको नोरीन समोर बसली होती. मीठ पुढे सरकवत तिनं विचारलं, "मग त्या घोड्याचं काय झालं?"

मॅलकीचा घास तोंडातच राहिला.

"तू? गुरुवारी तर तू बहिणीकडे जातेस ना? अगं, आणि बिअर तुला आवडतही नाही!"

"नाहीच आवडत. कडूजहर लागते."

"मग कशाला यायचीस?"

"तिथे बसलं की तुझं बोलणं ऐकू येतं," नोरीन म्हणाली. "सोमवारी फळ्या काढल्यास, तर मी कुठे बसू?"