बावचीची पुडी

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. सांगायला बसले की काहीतरी आडवं यायचं — कधी दूध उतू जायचं, कधी पोरगं रडायचं — आणि खरं सांगू का, मला तेवढं निमित्त पुरायचं. आता घरात रडणारं कुणी उरलं नाही. तेव्हा सांगते. पण यातलं सगळं मला स्वतःलाच अजून उमगलेलं नाही, म्हणून मागंपुढं बोलेन.

निजामाचा अंमल होता. बोरीत आमचं किराणा दुकान होतं, आणि घरात सासूबाईंचं औषध. दवाखाना होता तो जिंतूरला. खरजेसाठी, नायट्यासाठी जिंतूर कोण गाठणार? लोक आमच्या दारी यायचे. सासूबाई सकाळची लिंगपूजा आटोपून, कपाळावरची विभूती वाळायच्या आत औषध द्यायला बसत. खरजेला करंजाचं तेल. नायट्याला, आणि घामानं मानेवर फिकट ठिपके उठतात त्या शिब्यांना, टाकळ्याचं बी — आंबट ताकात कालवून लावायचं. आणि कोडाला बावची. बावची लावली की सकाळच्या उन्हात बसायचं, नाहीतर ती लागू पडत नाही, असं त्या सांगायच्या. बाकी कुठल्याच औषधाला उन्हाचं काम नव्हतं. त्यामुळं गावातल्या जाणत्या बायकांना कुणी अंगाला लेप लावून उन्हात बसलेलं दिसलं, की पुढचं सांगावं लागत नसे.

शिवाय आमच्याकडं एक रीत होती. औषध घेणाऱ्याला त्याचं नाव सांगायचं नाही. नाव फुटलं की गुण जातो. पळसाच्या पानात पुडी बांधायची, हातावर ठेवायची आणि कसं लावायचं तेवढंच सांगायचं. घेणाऱ्यानंही विचारायचं नाही. माणसं विचारतही नसत. केवढा तो विश्वास — आज आठवलं की अंगावर काटा येतो.

तर गंगू. मागच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी. आई लहानपणीच गेली, म्हणून राणीसावरगावला मामाकडं वाढली; लग्नाचं वय झालं तसं बापानं तिला बोरीला आणलं. पोर चटपटीत होती. सासूबाईंच्या मनात तिला माझ्या धाकट्या दिरासाठी करून घ्यायचं होतं. बोलणी व्हायची होती, पण आमच्या घरात ते ठरल्यासारखंच होतं. ती आमच्याकडं येऊन बसायची, खलबत्ता ओढून घ्यायची. एकदा सासूबाई तिच्याकडं बघत मला म्हणाल्या, "हिचा हात बघ कसा हलका हाय."

मी त्या घरात आल्यापासून बी कुटत होते, तेल काढत होते, बोटं काळी करून घेत होते. मला असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

एवढंच. एवढ्याशा बोलण्यावरून माणूस असं करतं का? मला वाटत नाही. आणि तरी दुसरं कारण मला सापडत नाही — सापडावं म्हणून मी किती उकरलं असेल. गंगू मला आवडायची, हेही तेवढंच खरं. तिच्या केसात मी मोगरा माळलाय. मग?

त्या उन्हाळ्यात सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि औषध माझ्याकडं आलं. एका सकाळी गंगू आली. मानेवर शिबी होती. साधी शिबी, त्या दिवसांत निम्म्या गावाला असते तशी.

"आत्या न्हाईत का? मग तुमीच द्या की, वैनी."

मी आत गेले. पुडी बांधली. बाहेर आणून तिच्या हातावर ठेवली.

पुडी बावचीची होती. पुढं कैक वर्षं मी स्वतःला समजावलं, की आतल्या खोलीत अंधार होता, गाडगी शेजारी शेजारी होती, दोन्हीची पूड कुटलेली होती. पण टाकळ्याची पूड तपकिरी आणि बावचीची काळपट, शिवाय उग्र वासाची. अंधारात डोळे चुकतील, नाकाला काय झालं होतं? मी ठरवून केलं असंही मला आठवत नाही. पळसाचं पान दुमडणारे माझेच हात आठवतात, आणि डोक्यात अगदी सामसूम.

गंगू उन्हात बसू लागली. मान उघडी टाकून, केस एका अंगाला घेऊन. विहिरीवर जाणाऱ्या बायकांनी बघितलं. आठवडाभरात बोरीत झालं, की पोरीला कोड आहे आणि बापानं झाकून ठेवलंय. ऊन कडक, बावची कडक. मानेवर फोड आले, फुटले, काळे चट्टे उरले. फोड आले तेव्हा रोग बाहेर पडतोय म्हणून ती खूश झाली होती. तसं ती मला येऊन सांगून गेली.

सासूबाई परतल्या, त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला चुलीपाशी गाठलं. "मी नव्हते तवा तू पाह्यलीस ना तिची मान? काय होतं?"

शिबी होती, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

"मला काय कळतंय, आत्याबाई," मी म्हणाले.

 त्यांनी मग दिरासाठी दुसरीकडची मुलगी बघितली. गंगूला लांबच्या गावी एका बिजवराला दिलं, पदरात आयती पोरं असलेल्या.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्ही घरदार टाकून वऱ्हाडात गेलो. एका मळ्यातल्या गोठ्यात चार गावांची माणसं राहत होती, आणि पोरासोरांना खरूज झाली होती. तिथं गंगू भेटली, कडेवर लेकरू घेऊन. मानेवरचे चट्टे तसेच होते. तिनं मला हाक मारली, लेकरू माझ्यापुढं धरलं, आणि मी करंजाच्या तेलाची बाटली दिली. रीतीप्रमाणं तिनं नाव विचारलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "याला बी उन्हात बसवू का, वैनी?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा आहे का ते शोधलं. मला दिसला नाही. नव्हताच, की मला बघता आला नाही? "नको," मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि लेकराच्या अंगाला तेल चोळायला घेतलं.

तेव्हा कळलं, की गाडग्यांचा आणि अंधाराचा माझा हिशोब फुकट होता. पुडी चुकली असेल हाताकडून. पण टाकळ्याला ऊन लागत नाही, आणि गंगूला उन्हात बस म्हणून कुणी सांगितलं? मीच. माझ्या या तोंडानं, अंगणात, लख्ख उजेडात.

आणखी एक राहिलं. सासूबाई बावचीच्या माणसाला नेहमी आपापल्या परसात बसायला सांगायच्या, भिंतीआड, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. मी गंगूला म्हणाले, "परसात नको, दारातल्या ओट्यावर बस." ओटा मी माझ्या मनानं सांगितला.